मी पुसलेला चौकोन

अक्का माझ्या नात्यातली नव्हती. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ती रंगाचं काम बघायची आणि मी मार्केटमधल्या एका साडीच्या पेढीत नोकरी करत होते. आमच्या पेढीचं कापड त्या मिलमध्ये रंगायला जायचं, तेवढ्यावरून ओळख झाली. पुढची पाच वर्षं असा एकही आठवडा गेला नाही की आम्ही बोललो नाही. आता तिच्याशी बोलून तीन वर्षं होतील. हे तुटलं ते माझ्यामुळे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, कामं बदलली, भेटी कमी झाल्या. ते खरं नाही.

माझे वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवर काम करायला. मी तिथल्या नवागाम वस्तीत वाढले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि कॉलेजात गुजराती, अशा चार भाषा मी रोज तोंडात फिरवायची. बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पेढीत लागले. माझ्या हुद्द्याचं नाव प्रोसेस को-ऑर्डिनेटर. आईला ते कधी उच्चारता आलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "मनी पोर कागदवर चौकटी काढस." तिचं म्हणणं तसं बरोबरच होतं.

एक साडी आमच्याकडून बाहेर पडेपर्यंत चार ठिकाणांहून जायची. उधन्याला एक कारखानदार कोरं कापड विणायचा. ते कापड मिलमध्ये रंगायला जायचं. तिथून एका बाईंच्या कारखान्यात जाऊन त्याला लेस आणि खडे लागायचे. मग आमच्याकडे घडी, पॅकिंग आणि रवानगी. चार धंदे, चार मालक, आणि माल उशिरा पोहोचला की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. दक्षिणेतलं एक मोठं गिऱ्हाईक याला कंटाळलं. त्याने आमच्या शेठना सांगितलं, तुम्ही चौघांनी मिळून एका कागदावर लिहून द्या की कोण काय करतो, कधी करतो आणि झाल्यावर कोणाला कळवतो; नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. शेठनी ते काम माझ्या गळ्यात घातलं.

मी कोरे कागद घेऊन निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. उधन्याच्या कारखानदाराला मी सरकारी खात्यातली वाटले, त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. लेसवाल्या बाईंना वाटलं, त्या कुठल्या कुठल्या घरी काम देतात ते शोधून आम्ही परस्पर त्या बायकांना गाठणार. मिलवाले शेठ तर हसले आणि म्हणाले, "आज प्रोसेस पूछती हो, कल रंग का फॉर्म्युला पूछोगी." तीन ठिकाणं झाली आणि माझ्या कागदावर माल कुठून कुठे जातो त्याचे बाण होते, कोण काय करतो त्याचे चौकोन नव्हते.

मिलमधून निघताना शेवटच्या खिडकीपाशी एक टेबल दिसलं. त्यावर कापडाचे शेकडो तुकडे होते, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. टेबलामागे पन्नाशीच्या आसपासची एक बाई चष्मा कपाळावर चढवून एक तुकडा उजेडात धरून बघत होती. मी गुजरातीत विचारलं की तुमचं काम काय. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"कोन्ता गावनी शे तू?"

मी गाव सांगितलं.

"मंग गुजरातीमा काय बोली राह्यनी? बठ आठे."

इथे बस म्हणणारी ही अक्का. सगळी मिल तिला अक्का म्हणायची. मीही म्हणू लागले आणि पहिल्या दिवसापासून तिला अगं-तुगंच केलं, कारण घरच्या भाषेत दुसरं काही तोंडात येतच नाही.

तिने माझा कागद टेबलावर पसरला. सातवीपर्यंत शिकलेली होती, पण दोन मिनिटांत कुठे अडलंय ते तिला दिसलं. माझ्याशी ती अहिराणीतच बोलायची; सगळ्यांना कळावं म्हणून तिचं बरंचसं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. "कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते तू कशाला विचारतेस?" ती म्हणाली. "ते कोणी सांगणार नाही, मीपण सांगणार नाही. दारातून आत काय आलं, बाहेर काय गेलं आणि जाताना कोणाला सांगून गेलं, एवढंच काढ. आतलं ज्याचं त्याच्यापाशी राहू दे."

मी तसाच कागद करून पुन्हा तिन्ही ठिकाणी फिरले. मिलचा एकच मोठा चौकोन काढला, आत काही नाही. लेसवाल्या बाईंचाही तसाच. या वेळी कोणी हाकललं नाही. उलट उधन्याच्या कारखानदाराने स्वतः पेन घेऊन माझा एक बाण दुरुस्त केला.

फक्त एका गोष्टीवर अक्का अडून बसली. मिलचं आतलं काही दाखवू नको म्हणणारी तीच म्हणाली, "एक चौकोन मात्र बाहेर काढ. तो सगळ्यांना दिसला पाहिजे." तो असा होता: नव्या रंगाचा पहिला तुकडा निघाला की धुवायचा, सावलीत वाळवायचा, दुसऱ्या दिवशी उन्हात बघायचा आणि ठीक असेल तरच बाकीचा लॉट रंगायला सोडायचा. म्हणजे एक दिवस थांबायचं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती आपली वर्षानुवर्षं करत होती. "मशीनमधून गरम निघालेलं कापड ट्यूबलाइटखाली सगळ्यांना आवडतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बघायला कोणाला वेळ नसतो. लिहिलेलं असलं म्हणजे थांबतील."

मी तो चौकोन काढला. त्यात शब्द लिहिले: एक दिवस थांबणे व तपासणे.

त्या कागदाला आम्ही नकाशा म्हणू लागलो. चारही ठिकाणी भिंतीवर त्याची एकेक प्रत लागली. नियमही अक्कानेच घातला. नकाशात काही बदलायचं असेल तर चौघांच्या सह्या हव्यात, आणि का बदललं ते मागच्या बाजूला लिहायचं. एकाने आपल्या भिंतीवरच्या कागदावर परस्पर खाडाखोड केली तर चार ठिकाणी चार वेगवेगळे नकाशे होतील आणि मग नकाशा नसलेला बरा, असं ती म्हणायची. मी दर शनिवारी सह्या गोळा करत फिरायची आणि शेवटी मिलमध्ये पोहोचायची, कारण तिथे अक्का डबा उघडून थांबलेली असायची. "जेवनी का?" हा तिचा पहिला प्रश्न. जेवले असले तरी मी नाही म्हणायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर ठेचा, आणि समोर रंगीत तुकड्यांचा ढीग. मी त्या टेबलाशी किती शिकले ते मोजता येणार नाही.

तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. एक मुलगी, तिला तिने एकटीने वाढवलं. माझे वडील आजारात गेले तेव्हा अक्का तेरा दिवस मिल सुटली की थेट आमच्याकडे यायची आणि आईजवळ बसायची. फार बोलायची नाही. आईच्या हातातलं काम काढून घ्यायची आणि स्वतः करायची. चौदाव्या दिवशी ती आली नाही, तर आई दोनदा दारात जाऊन बघून आली.

मग नकाशा कॉम्प्युटरवर गेला. गिऱ्हाइकाचीच मागणी होती. चौघांना आपापल्या ठिकाणी एकच नकाशा दिसणार, कुठला लॉट कुठल्या चौकोनात आहे ते कळणार, आणि ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबला की तिथे लाल खूण उमटणार. बदल करण्याची मुभा मात्र एकाच माणसाला, म्हणजे मला. मी अक्काला हे सगळं दाखवलं. तिला ते आवडलं. जाताना एवढंच म्हणाली, "आते सगळं तुना हातमा शे. इचारीसन करजो."

विचारून करीन, असं मी हसत म्हटलं.

लग्नसराईच्या दिवसांत गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले. माल आधी हवा, आणखी आधी हवा. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, नकाशा उघडायला लावला आणि अक्काच्या चौकोनावर बोट ठेवलं. "आ शुं छे? एक दिवस बैठे रहेने का?"

मी म्हटलं, "तपासणीचा आहे. काढायचा तर चौघांच्या सह्या लागतील."

"बेन, अत्यारे काढी नाखो. पछी बधाने कही दईशुं."

आत्ता काढून टाका, नंतर सगळ्यांना सांगू. शेठ ओरडले नाहीत, धमकीही दिली नाही. त्यांना घाई होती, एवढंच. मी नाही म्हटलं असतं तर कदाचित ते स्वतः मिलवाल्या शेठना फोन लावून बसले असते आणि विषय तिथेच राहिला असता. मी खुर्चीवर बसले, चौकोन निवडला आणि पुसला. अलीकडचा बाण पलीकडे जोडला. मग बाकी तिघांच्या ऑफिसांना नेहमीसारखी एक मेल गेली, नकाशात सुधारणा केली आहे, म्हणून. ती मेल कोणी उघडत नाही हे मला ठाऊक होतं. अक्काला फोन करायचा असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, शनिवारी समोरच सांगू. शनिवारी पॅकिंगची गडबड होती म्हणून मी मिलमध्ये गेलेच नाही.

कॉम्प्युटर आल्यापासून भिंतीवरच्या कागदाकडे कोणी बघत नव्हतं, पण अक्काच्या टेबलामागे जुना छापील नकाशा तसाच होता. ती त्याप्रमाणे पहिला तुकडा वाळवत होती, दुसऱ्या दिवशी बघत होती. आणि कॉम्प्युटरवर तो थांबण्याचा दिवसच उरला नव्हता, त्यामुळे प्रत्येक नव्या रंगापुढे मिलच्या नावाने लाल खूण पडत होती. मला ती रोज दिसायची. रोज वाटायचं, आज फोन करते. जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड झालं, कारण आता आधी का नाही सांगितलंस, हेही सांगावं लागलं असतं.

तीन आठवड्यांनी आमच्या शेठनी चौघांची मीटिंग बोलावली, ती मिलच्याच ऑफिसात. मिलवाले शेठ चिडलेले होते. सगळ्यांसमोर त्यांच्या नावाने लाल खुणांची रांग पडद्यावर होती. त्यांनी अक्काला आत बोलावलं.

"लॉट क्यूं रोकती हो?"

"नकाशात लिहिलंय, शेठ," अक्का म्हणाली. "एक दिवस थांबायचं."

शेठनी पडद्याकडे हात केला. "कहाँ लिखा है? दिखाओ."

अक्का पडद्याजवळ गेली. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोटाने एकेक चौकोन मोजत गेली. जिथे तिचा चौकोन असायला हवा होता तिथे बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.  मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काहीतरी सांगेन आणि हा घोळ मिटेल, असाच तिचा चेहरा होता.

"हिला विचारा," ती म्हणाली. "नकाशा हिनेच काढलाय."

मिलवाल्या शेठनी मला विचारलं, "बोलो, है ऐसा कुछ?"

आमचे शेठ टेबलावर पेन आडवं-उभं करत होते. मी म्हटलं, "आत्ताच्या नकाशात नाही."

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. होता, मी काढला होता, मीच तीन आठवड्यांपूर्वी पुसला, आणि अक्काला कळवलं नाही, हे चार तुकडे मी गिळले. मिलवाले शेठ अक्काला म्हणाले की इतकी वर्षं आपल्या मनाने नियम करतेस आणि आमचं नाव खराब करतेस. अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "बरं."

त्याच आठवड्यात तिला त्या टेबलावरून काढलं. खाली कापड मोजायला टाकणार होते, ती गेली नाही. घरी बसली. मी तिला फोन केला नाही. हेही लिहायला हवं. मी दोन महिने तिला फोन केला नाही.

मग एका मोठ्या लॉटचा मरून रंग सुटला. साड्यांच्या काठांवर, लेसवर, आतल्या कागदावर तांबूस डाग. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. आमचे शेठ म्हणाले, "पेलुं जूनुं हतुं ने, ते पाछुं नाखी दो." ते जुनं होतं ना, ते परत टाका. मी चौकोन परत त्याच्या जागी आखला. त्यातले शब्द मला पाठच होते. पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि चौघांसमोर सांगितलं की हा चौकोन पहिल्यापासून होता, मी तो कोणालाही न विचारता पुसला, अक्का बरोबर होती आणि तेव्हा मी गप्प बसले.  मिलवाले शेठ म्हणाले, "हो गया, छोडो. चाहिये तो बुला लो उसको." आणि ते लेसच्या तारखांकडे वळले. मला वाटलं होतं, कोणीतरी मला काहीतरी बोलेल. 

मी नवागामला तिच्या घरी गेले. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. दार उघडंच होतं. अक्का खाली बसून साड्यांचे सुटलेले धागे कापत होती, हे काम बायका घरी आणून करतात. तिने मान वर केली.

"या मॅडम," ती म्हणाली. "बसा."

मी दारातच उभी राहिले. पाच वर्षांत तिने मला एकदाही तुम्ही म्हटलं नव्हतं. बोलतही ती मराठीत होती, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं, सांभाळून, जसं ती ऑफिसातल्या लोकांशी बोलायची. मी अहिराणीत सुरुवात केली. सगळं सांगितलं, मीटिंगमध्ये काय बोलले तेही सांगितलं. मिलवाले परत बोलावतायत, असं म्हटलं.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण मी आता जाणार नाही."

"अक्का, माले माफ कर."

तिने हातातली कात्री खाली ठेवली. "एक विचारू? तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती का?"

मी विचार केला. शेठना माझी गरज होती. थोडं रागावले असते. "नसती गेली," मी म्हटलं.

"मग?"

  नोकरीची भीती असती, घर चालणार नसतं, तर निदान काहीतरी सांगण्यासारखं असतं. त्या खोलीत त्या वेळी गप्प राहणं मला सोपं वाटलं, याहून वेगळं कारण मला सापडलेलं नाही.

तिने चहा केला. मी प्यायले. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आईंना नमस्कार सांगा." मी वळणावर जाईपर्यंत ती उभी होती की आत गेली, ते मला माहीत नाही. मी मागे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आमच्या घरी आली, आईच्या नावाची. वर फक्त आईचं नाव होतं. आई नवी साडी नेसून गेली. परत आली तेव्हा खूश होती. जेवण चांगलं होतं, पोरगा हजीऱ्याला कंपनीत आहे, असं सगळं सांगत होती. मग मी का आले नाही, असं विचारत म्हणाली, "तू काबर नही उनी? ती इचारत व्हती, पोर बरी शे ना म्हने."

ती खरंच विचारत होती की चारचौघांत विचारायचं म्हणून विचारलं, ते मला आईच्या सांगण्यावरून कळेना. मी आईला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. तिने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "एक डाव जाई ये."

जाऊन यायला मला चार महिने लागले. गेले तेव्हा त्या खोलीत दुसरं कुटुंब होतं, दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिने सांगितलं की अक्का सामान आवरून गावी गेली, बहिणीकडे, आता तिकडेच राहणार. "नंबर आहे माझ्याकडे," ती बाई म्हणाली. "देऊ?"

मी नको म्हटलं. नंबर माझ्याकडे होताच, बदललेला नव्हता. मी त्या बाईचे आभार मानले आणि रिक्षा न करता उधन्यापर्यंत चालत गेले. त्या दिवशी नकाशातल्या एका बदलासाठी तिथे कारखानदाराची सही घ्यायची होती.